मागच्या सीटवरचा चहा

धने भाजून परातीत काढले होते, खोबरं कढईत होतं आणि मिरच्या अजून सुपातच होत्या. वर्षाचा काळा मसाला करायला बसलेल्या उषाबाईंना ओसरीवरून हाक आली.

"अगं, गॅस बंद कर. टेंभुर्णीला जायचंय, गाडी बघायला."

"आत्ता? निम्मा मसाला झालाय माझा."

"मिरच्या भाजल्या का?"

"न्हाई अजून."

"मंग चांगलं झालं. नाक तरी शाबूत हाय," असं म्हणत सर्जेरावांनी खुंटीवरची टोपी घेतली.

उषाबाईंनी कढईवर ताट झाकलं, हात धुतले आणि नाकातला धन्याचा वास जाईपर्यंत अंगणात तुळशीपाशी उभ्या राहिल्या. बाहेर जावई निखिल मित्राची गाडी घेऊन आला होता. त्याला स्वतःची गाडी घ्यायची होती. लेक यशश्री जालन्यात नोकरीला, हा बदनापूरला. दोघांची ओढाताण संपावी म्हणून जुनी का होईना, पण चांगली गाडी बघा, असं त्याचं दिवाळीपासून चाललं होतं.

पूर्वी या कामाला सर्जेराव एकटेच जात. त्यांची उभी हयात जालन्याच्या गॅरेजात डेंटिंग-पेंटिंगमध्ये गेलेली. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा ते हसनाबादला घरी येऊन बसले, पण ओळखीपाळखीचं कुणीही जुनी गाडी घ्यायला निघालं की आधी त्यांना घेऊन जाई. पत्र्यावर बोटाचं पेर वाजवत ते गाडीभोवती एक चक्कर मारत, रंगाखाली ठोकर बुजवायला कुठे लांबी भरलीय ते सांगत, आणि मागणारा मागतोय ती किंमत बराबर आहे की नाही, एवढं बोलून चहा पिऊन घरी येत. करोनात ताप उतरला, जीव वाचला, पण नाक गेलं ते गेलंच. जेवताना वरणाला फोडणी दिलीय की नाही हेही विचारावं लागे.

मग एकदा भोकरदनहून लग्न उरकून येताना ते रस्त्यात कुणाची गाडी बघायला थांबले. उषाबाई उन्हातून सुटका म्हणून मागचं दार उघडून आत टेकल्या आणि लगेच बाहेर आल्या. "ही बुडाल्ती का हो कुठं? पावसाळ्यात न वाळलेल्या गोधडीवानी वास मारून राह्यली." सर्जेरावांनी पायाखालचं मॅट उचललं, तर खाली गाळाचा वाळका पापुद्रा. त्या दिवसापासून दोघं जोडीनं जाऊ लागले. सगळं बघून झालं की सर्जेराव विचारत, "वास?" आणि उषाबाई म्हणत, "साफ हाय," नाहीतर "वास हाय." या दोन उत्तरांवर पंचक्रोशीतले कितीतरी व्यवहार ठरले आणि मोडले.

निखिल थट्टेनं म्हणे, "मामा पत्रा बघतेत, मामी आत्मा बघतेत."

उषाबाई हसत, पण त्यांना ती थट्टा फार आवडत नसे. कारण ते अगदीच खोटं नव्हतं. विकणारा गाडी धुतो, पुसतो, आत सुगंधी बाटली टांगतो, डॅशबोर्डवरचा देव काढून नेतो. तरी माणूस आत राहतंच. कुठे तान्ह्या बाळाच्या ओकारीचा आंबूस वास, कुठे दुखऱ्या कमरेला चोळलेला बाम, कुठे गजरा. घरी येऊन दिवा लावताना तो वास परत येई. आपण न पाहिलेली माणसं देवघराच्या उंबऱ्याशी येऊन बसलीत, असं वाटे. म्हणून गाडीत डोकं घालण्याआधी त्या रेणुकामाईचं नाव घेत, आणि देव काढलेल्या जागी डिंकाचा जो गोल डाग उरतो, त्याला हात लावून तो कपाळाला लावत. तिथं कुणीतरी हात जोडलेले असतात, एवढाच त्यांचा हिशोब.

वाटेत निखिल सांगत होता, "मामा, गाडी एक नंबर दिसती. अन् भाव बघा, बाजारात अशी गाडी ह्या भावात मिळत न्हाई."

"त्याचंच मला भेव वाटून राह्यलंय," सर्जेराव म्हणाले. "काहून एवढी स्वस्त?"

"मालकाला जल्दी हाय म्हने."

"जल्दीला बी कारण असतं, जावईबापू."

टेंभुर्णीच्या बाहेरच्या अंगाला तातेरावांचं घर. सत्तरीकडे झुकलेला, ताठ बसणारा शेतकरी माणूस. घरासमोर कडब्याची गंजी, तिच्या शेजारी पत्र्याचं शेड आणि शेडात ती पांढरी गाडी. दोन पावसाळ्यांची धूळ काचांवर बसून घट्ट झाली होती. टायरांत हवा मात्र नुकतीच भरून घेतलेली दिसली.

"पोराची हाय," तातेराव म्हणाले. मग थोडं थांबून, "व्हती. भागवतची. बाजारातून आला, गाडी हितं लावली, अन् रात्री ताप भरला. दवाखान्यात ॲम्ब्युलन्सनं नेला. गाडीचा काही दोष न्हाई, हे आधीच सांगतो. त्यानं लावली तवापासून दोन पोळे झाले, कुनी दार उघडलं न्हाई. चावी माझ्या कपाटात."

निखिलनं मान खाली घातली. सर्जेरावांनी टोपी काढून हातात धरली.  शेवटी तातेरावच म्हणाले, "बघा बघा. त्यासाठीच आलात ना."

सर्जेराव कामाला लागले. पत्रा वाजवला, दारांच्या फटी बोटानं चाचपल्या, बोनेट उघडून चासी नंबर कागदाशी ताडून पाहिला. सगळीकडे कंपनीचाच रंग, कंपनीचेच नट. त्यांच्या कपाळावरची आठी मात्र वाढत गेली. दोष सापडला असता तर त्यांना बरं वाटलं असतं. स्वस्ताईचं कारण कळलं असतं.

मग उषाबाईंनी रेणुकामाईचं नाव घेतलं आणि मागचं दार उघडलं.

वैशाखातल्या उन्हानं पत्रा तापला होता. अशा तापलेल्या गाडीतून पहिली वाफ बाहेर येते, तिच्यात सगळं कळतं. कोंदट धुळीचा, रबराचा, उंदरांचा वास येईल म्हणून त्यांनी पदर नाकाजवळ धरला होता. पण आला तो आल्याच्या चहाचा. शिळा नाही, सांडून वाळलेला नाही. तासा-दीड तासापूर्वी कुणीतरी पिऊन गेलेल्या चहाचा.

 उषाबाईंनी दार ओढून घेतलं, श्वास सोडला, परत उघडलं. चहाच. त्याखाली खोबरेल तेल आणि धुतलेल्या लुगड्याचा साबण. त्यांनी डोळे नीट उघडून बघितलं. सगळ्या सीटांवर धूळ होती. ड्रायव्हरच्या पाठीमागच्या तेवढ्या जागेवर नव्हती. आणि बाहेरून काच मातीनं आंधळी झालेली असताना आत डॅशबोर्डवरचा छोटा देव लखलखीत पुसलेला होता.

दोन पोळे झाले, कुणी दार उघडलं नाही.

"का गं?" सर्जेरावांनी बोनेटआडून विचारलं.

"काही न्हाई. पानी पिऊन येते."

स्वयंपाकघरात तातेरावांच्या मंडळी चांगुणाबाई पाहुण्यांसाठी चहा टाकत होत्या. बारीक अंगाची, पांढऱ्या केसांना चापून तेल लावलेली बाई. आलं ठेचत होत्या. उषाबाई उंबऱ्यातच थांबल्या. खोबरेल, साबण, आलं. गाडीतलं माणूस समोर उभं होतं.

चांगुणाबाईंनी वळून बघितलं आणि त्यांचा आलं ठेचणारा हात थांबला.

"तुमीच का त्या वास घेनाऱ्या बाई?"

"व्हय, अक्का."

"मंग आला असंल तुमाला."

उषाबाई उंबरा ओलांडून आत आल्या.

"दुसरी चावी देवाच्या फोटोमागं असती," चांगुणाबाई हळूच म्हणाल्या. "हे दूध घालाया डेरीवर गेले की जाते. चहा घेऊन बसते घटकाभर. मी मागंच बसायची ना त्याच्या. पुढं बसले की मला चक्कर येती. समोर त्याचं सीट असतं. त्यानं ठेवलं तसंच हाय ते. उंच व्हता, पाय लांब, पर सीट पार मागं घेत न्हवता. माझे गुडघे दुखतेत म्हून थोडं पुढं घ्यायचा. म्हनायचा, माय, लागत तं न्हाई ना? माझे गुडघे त्याच्या पाठीला टेकले की मी म्हनायची, चल आता." त्यांनी गॅस बारीक केला. "आता बी टेकते. डोळे मिटले की माणूस समोर असल्यावानीच वाटतं."

भिंतीवरच्या फोटोतला भागवत दोघींकडे बघत होता. उषाबाईंनी नजर काढून घेतली.

"ताई, लोक म्हनते तुमी वास हाय म्हनलं की गाडी कुनी घेत न्हाई. एवढं म्हना. कशाचा बी सांगा. तुमच्या पाया पडते. गाडी गेली तं माझ्याकडं काय राह्यलं? कपडे दान केले, फोन त्याच्या दोस्तानं नेला. तेवढं सीट राह्यलंय."

उषाबाईंना खोटं बोलण्याची सवय नव्हती. गाडीच्या बाबतीत तर मुळीच नाही. त्या ते देवाचं काम समजत. पण समोरच्या बाईच्या हातात ठेचलेलं आलं तसंच होतं, आणि एका शब्दाचा तर प्रश्न होता. शिवाय त्या शब्दानं फसणार कोण, तर आपलाच जावई. त्याला दुसरी गाडी मिळेल. 'वास हाय' हे अगदीच खोटंही नव्हतं. त्या मनाशी हे जुळवत होत्या, आणि जुळवता जुळवता त्यांना एकदम काहीतरी आठवलं.

सर्जेराव. बोनेट झालं की ते इंजिन चालू करून ऐकतात. आणि इंजिन चालू केलं की त्यांची ठरलेली रीत: पुढच्या सीटखालचा दांडा ओढायचा आणि सीट पुढपासून मागपर्यंत सरकवायचं. बुडालेल्या गाडीच्या सीटखालच्या पट्ट्या गंजतात. बाकी सगळं पुसता येतं, तिथवर कुणाचा हात जात नाही. इतक्या वर्षांत एकही गाडी त्यांनी ते केल्यावाचून सोडली नव्हती.

"अक्का, थांबा," म्हणत उषाबाई पदर सावरत बाहेर धावल्या.

मित्राच्या गाडीवरून वायरी लावून इंजिन चालू केलेलं होतं. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडं होतं आणि सर्जेराव आत बसले होते.

"अहो, सीटला हात..."

कट्, कट्, कट्, कट्. सीट पुढे गेलं. कट्, कट्. मागे आलं. परत पुढे.

"पट्ट्या साफ हायेत," सर्जेराव समाधानानं म्हणाले. "गंजाचं नाव न्हाई. काय म्हनत व्हतीस?"

मागून भांडं पडल्याचा आवाज आला. चांगुणाबाई ओसरीच्या पायरीवर उभ्या होत्या. ट्रे खाली पडला होता, चहा पायरीवरून ओघळत होता आणि त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं.

"हलवलं?" त्यांनी विचारलं. एवढंच.

सर्जेरावांना काही कळेना. उषाबाईंनी त्यांना खालच्या आवाजात दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी इंजिन बंद केलं आणि चोरी पकडल्यासारखे हात मांडीवर घेऊन तिथेच बसून राहिले.  निखिल एकदा सासऱ्याकडे, एकदा तातेरावांकडे बघत होता.

तातेराव बायकोवर ओरडतील असं उषाबाईंना वाटलं. ते ओरडले नाहीत.

"मला ठाव हाय," ते म्हणाले. "घरात दोन मानसं, अन् पातेल्यात चहा तिघांचा. रोज. मी काही बोललो न्हाई. म्हनलं, बसू द्या. पर गेल्या म्हयन्यात मी डेरीवरून जल्दी आलो. ही आत बसून बोलून राह्यल्ती. मी कडब्याआड थांबलो. बोलली, मंग गप बसली, कुनी काही सांगावं अन् आपन ऐकावं तशी. अन् हसली. सर्जेराव, पोरगा गेल्यापासून ही घरात हसली न्हाई. तिथं हसली. मला माझ्याच अंगनात भ्या वाटलं. म्हून विकायची. फुकट बी दिली असती."

स्वस्ताईचं कारण ते होतं. पत्रा वाजवून ते कुणाला सापडलं असतं?

चांगुणाबाई गाडीपाशी आल्या. मागचं दार उघडून आपल्या जागी बसल्या आणि डोळे मिटले. "दादा," त्या सर्जेरावांना म्हणाल्या, "व्हतं तिथं आना."

सर्जेराव उतरले, बाहेरून वाकून दांडा ओढला. कुठल्या खाचेत होतं ते त्यांनी पाहिलंच नव्हतं. पाहायची कधी गरजच पडली नव्हती. एक खाच मागे.

"न्हाई. लांब हाय."

अजून एक.

"अजून."

सीट गुडघ्यांना टेकलं. चांगुणाबाईंनी श्वास धरला.  "हेच..." त्या म्हणाल्या, मग मान हलवली. "हे जास्तच झालं. पुढं घ्या एक." सर्जेरावांनी घेतलं. "आता बराबर वाटतंय. न्हाई. परत एकदा मागं आना."

असं बराच वेळ चाललं. सर्जेरावांच्या कपाळावरचा घाम सीटवर टपकत होता. शेवटी चांगुणाबाईंनी डोळे उघडले आणि समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत राहिल्या, जसं पाहुण्याकडे बघावं.

"इथंच असंल," त्या म्हणाल्या. मग जरा वेळानं, "आता मला बी सांगता येत न्हाई."

त्या रडतील म्हणून उषाबाई जवळ सरकल्या. पण त्या रडल्या नाहीत. पदरानं सीटच्या पाठीवरची धूळ पुसली, अगदी निगुतीनं, आणि हात मांडीवर ठेवून बसल्या.

सर्जेरावांनी रुमालानं तोंड पुसलं. त्यांनी नेहमीचं तेच विचारलं.

"वास?"

सगळे उषाबाईंकडे बघू लागले. तातेराव, निखिल आणि गाडीतून चांगुणाबाई.

"चहाचा हाय," उषाबाई म्हणाल्या. "दुसरा कशाचा न्हाई. गाडी साफ हाय."

चांगुणाबाईंनी मान हलवली. त्यात राग नव्हता.

"तातेराव," सर्जेराव म्हणाले, "मागता त्याच्यापेक्षा गाडी लई जास्तीची हाय. ह्या भावात मी जावयाला घेऊ देनार न्हाई. बाजारभाव मी काढून देतो, मंग तुमी दोघं ठरवा. द्यायची का न्हाई ते बी दोघं ठरवा."

निखिल काही बोलणार होता. मामींनी त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि तो गप्प झाला.

"मी तं ठरवलंय," तातेराव बायकोकडे न बघता म्हणाले.

गाडीतून आवाज आला, "भागवत बोलला व्हता, पिंपळगावच्या रेणुकामाईला न्हेतो म्हून. गाडी घेतली तवाच ओटी बोलल्ते मी. आज जाऊ, उद्या जाऊ, राह्यलंच ते." चांगुणाबाई थांबल्या. "देवीचं राह्यलेलं मानगुटीवर ठेवून गाडी दुसऱ्याच्या दारात न्यायची न्हाई. एवढी ओटी भरून येते. ह्याच गाडीत, ह्याच जागी बसून. मंग न्या."

"कोन चालवनार?" तातेरावांनी विचारलं. "मला येत न्हाई."

"मी चालवतो, आजी," निखिल म्हणाला. मग त्याचं लक्ष आपल्या पायांकडे गेलं. तो अंगानं बुटका होता. "पर मला सीट... पुढं घ्यावं लागंल."

 कडब्यावर चिमण्या भांडत होत्या.

"घे, बाबा," चांगुणाबाई म्हणाल्या. "गाडी चालवायची म्हनल्यावर पाय तं पुरले पाह्यजेत."

"शुक्रवारी जाऊ," उषाबाई म्हणाल्या. "मी येते संग. तुमच्या शेजारी बसते."

"चहा आनते मी," चांगुणाबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट बघितलं. "तुमाला आलं चालतं ना?"

परतताना गाडीत बऱ्याच वेळानं सर्जेराव म्हणाले, "मला वाटलं व्हतं तिसरी खाच असंल." पुन्हा काही अंतर गेल्यावर, "नसंल बी." आणि घर येईपर्यंत त्यांचा उजवा हात मांडीवर उघडमीट करत राहिला, दांडा धरल्यासारखा.

घरी येऊन उषाबाईंनी हातपाय धुतले आणि देवापुढे दिवा लावला. तुपाची वात, कापूर, उदबत्ती, सगळं लावलं तरी त्यावरून आल्याचा वास येतच राहिला. त्यांना तो नेहमीसारखा परका वाटेना. उंबऱ्याशी आज एक नाही, दोन माणसं बसली होती, एक पुढे आणि एक मागे. त्यांनी हात जोडले, पण कुणासाठी काय मागावं ते सुचेना. भागवत तिथं होता, की नव्हताच, की आज दुपारपर्यंत होता आणि आपल्या माणसाच्या हातून उठून गेला? 

स्वयंपाकघरात कढईतलं खोबरं गार होऊन मऊ पडलं होतं. मिरच्या सुपातच होत्या. त्या भाजायला घेतल्या असत्या तर तिखटाच्या ठसक्यानं हा वास निघून गेला असता, हे उषाबाईंना ठाऊक होतं. त्यांनी सूप उचललं, थोडा वेळ हातात धरलं आणि परत फळीवर ठेवलं. शुक्रवारनंतर भाजू, त्या स्वतःशीच म्हणाल्या.

सर्जेराव ओसरीवरून विचारत होते, "झाला का मसाला?"

"न्हाई," त्या म्हणाल्या. "उद्या मला दुकानात जायचंय. ओटीचा खण अन् नारळ आनायचाय."